जपानी कोसोदे संग्रहालयांत तुकड्यांच्या रूपात का दिसतात?

वस्त्रशाळा (धंतोली, नागपूर) यांचा प्रश्न:

सर्वांना नमस्कार. मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात गृहविज्ञानाच्या विद्यार्थिनींना वस्त्रांचा इतिहास शिकवते. या सत्रात जपानच्या सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या कोसोदे या झग्यांवर, म्हणजे आजच्या किमोनोच्या पूर्वजांवर, तासिका घ्यायच्या आहेत. त्यासाठी टोकियो राष्ट्रीय संग्रहालय, न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट यांच्या संकेतस्थळांवरची छायाचित्रे आम्ही वर्गात मोठी करून पाहत आहोत. अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, काचेमागची वस्तू अखंड पाहण्याची सवय असलेल्या मुलींना इथे एक गोष्ट फार खटकली. जितकी वस्त्रे जुनी, तितके अखंड झगे कमी आणि तुकडे जास्त. कुठे नुसती एक पट्टी आहे, कुठे चार पट्ट्या जोडून केलेले चौकोनी वस्त्र आहे आणि साकुरा येथील जपानच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात तर कोसोदेचे तुकडे सोनेरी पडद्यांवर, दांडीवर झगा टाकावा तसे, चिकटवून ठेवलेले आहेत. एवढे मोलाचे रेशीम कापण्याची बुद्धी कोणाला झाली असेल, असे एका विद्यार्थिनीने सरळच विचारले. हे काम पुढच्या काळातल्या व्यापाऱ्यांचे समजायचे, की ज्यांची वस्त्रे होती त्यांचेच?

दुसरा प्रश्न रंगांचा आहे. एकाच झग्यावर निळा रंग काल दिल्यासारखा ताजा दिसतो, शेजारचा लाल मात्र पिवळट गुलाबी झालेला असतो, आणि काळ्या भरतकामाच्या जागी तर अनेकदा धागाच नसतो. हा केवळ वयाचा परिणाम असता तर सगळे रंग सारखेच उतरायला हवे होते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उमरेडचा माग यांचे उत्तर:

ताई, आमच्या घरात तीन पिढ्या माग चालला, त्यामुळे मी हे वस्त्र शिंप्याच्या नव्हे तर विणकराच्या नजरेने पाहतो, आणि माझ्या मते आपल्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच आहे. आपल्या ओळखीच्या अंगरख्याला गळा, बगल, मुंढा असे गोलाई देऊन कापावे लागते आणि एकदा कापलेले कापड पुन्हा ठाणात येत नाही. किमोनोचे तसे नसते. आजच्या किमोनोचे ठाण साधारण बारा मीटर लांब आणि पन्ह्याला 36 ते 38 सेंटिमीटर असते. त्यातून अंगाचे दोन लांब पट्टे, बाह्यांचे दोन, पुढे एकावर एक येणाऱ्या पाखांचे दोन, गळपट्टी आणि गळपट्टीवरचे छोटे आवरण, एवढे सगळे सरळ रेषेत कापून निघते. कापड वाया जात नाही. हे पट्टे हातशिलाईने, साध्या धावदोऱ्याने जोडलेले असतात.

जपानी घरांतली जुनी रीत अशी की चांगला झगा धुवायचा झाला तर तो आधी पूर्ण उसवायचा, पट्टे एकमेकांना तात्पुरते जोडून पुन्हा ठाणासारखे करायचे, धुऊन खळ लावून ताणून वाळवायचे आणि मग परत शिवायचे. म्हणजे झगा उसवणे हा त्या वस्त्राच्या आयुष्यातला अपघात नसून नेहमीचा टप्पा होता. आईचा झगा लेकीच्या मापाने शिवता येई, बाहेरून विटलेला पट्टा आतल्या बाजूला घेता येई. ज्या वस्त्राची शिवण मुळात सोडण्यासाठीच घातलेली आहे, ते शंभर-दोनशे वर्षे एकाच आकारात राहील अशी अपेक्षा करणे मला चुकीचे वाटते.

विद्यार्थिनींना आणखी एक खूण सांगावी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंतच्या कोसोदेमध्ये अंगाचे पट्टे आजच्यापेक्षा बरेच रुंद आणि बाह्या अगदी अरुंद असत. पुढे कापडाचा पन्हा कमी झाला आणि बाही रुंद होत गेली. त्यामुळे तुकड्यावर दोन्हीकडची किनार शाबूत असेल तर तो कोणत्या काळाचा आणि झग्याच्या कोणत्या भागाचा, याचा बराच अंदाज नुसती फूटपट्टी लावून येतो. नक्षीकडे पाहण्याआधी किनारीकडे पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

इंदोरा यांचे उत्तर:

वरील उत्तराला मी विहारातली बाजू जोडू इच्छितो. आपण ज्या चौकोनी वस्त्राचा उल्लेख केला आहे, ते बहुधा बुद्धमूर्तीपुढच्या मेजावर घालण्याचे आच्छादन असावे. घरातली व्यक्ती वारली की तिचा चांगला कोसोदे तिच्या नावाने विहाराला दान करण्याची प्रथा जपानमध्ये होती. विहारात तो उसवून त्याचे आच्छादन, मंदिरात टांगायची पताका किंवा भिक्षूचे चीवर केले जाई. काही आच्छादनांच्या अस्तरावर दिवंगत व्यक्तीचे नाव आणि दानाची तारीख शाईने लिहिलेली आढळते, आणि त्या काळातल्या वस्त्रांचा कालक्रम लावताना अभ्यासकांना सर्वांत भरवशाचा आधार याच नोंदींचा मिळतो. अखंड झग्यावर कोणी तारीख लिहीत नसे. तुकडा झाला म्हणून तारीख मिळाली, हे आपल्या विद्यार्थिनीला अवश्य सांगावे.

चीवराच्या बाबतीत तर कापणे हा नियमच आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर भिक्खूंची चीवरे जवळून पाहिली तर ती अखंड कापडाची नसून पट्टे जोडून शिवलेली असतात, हे नागपूरकरांच्या लक्षात आले असेल. मगधातली बांधाबांधांनी आखलेली शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तशा आखणीचे चीवर करता येईल का असे विचारले, ही विनयपिटकातली कथा आपल्याकडे परिचित आहे. कापलेल्या कापडाचे मोल उतरते, चोराला त्याचा मोह होत नाही आणि नेसणाऱ्यालाही होऊ नये, हा त्यामागचा विचार. जपानमध्ये हे वस्त्र केसा या नावाने गेले आणि पाच, सात, नऊपासून पंचवीसपर्यंत विषम संख्येच्या पट्ट्यांचा नियम तिथेही कायम राहिला. चार कोपऱ्यांवर चार लहान चौकोन लावतात, ते चार दिक्पालांचे मानले जातात.

गंमत अशी की मोह उतरवण्यासाठी कापायचे, आणि कापायला घ्यायचे ते जरतारी रेशीम! बोस्टन, न्यूयॉर्क, शिकागो येथील संग्रहालयांत अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतले असे केसा आहेत की ज्यांचे कापड एखाद्या श्रीमंत स्त्रीच्या झग्याचे किंवा ‘नो’ या जपानच्या पारंपरिक नाट्यप्रकारातल्या वेशाचे असावे, हे नक्षी मध्येच तुटलेली पाहून कळते. उलट नारा येथील शोसोइन या भांडारातली चीवरे पाहावीत. सम्राट शोमू वारल्यानंतर 756 मध्ये सम्राज्ञी कोम्यो हिने त्यांच्या वस्तू तोदाइजी विहाराला अर्पण केल्या, आणि त्या वेळच्या यादीत आरशांच्या, शस्त्रांच्या आणि वाद्यांच्या आधी, अगदी आरंभी, नऊ केसांची नोंद आहे. त्यांतले काही झाडाच्या सालीसारख्या रंगांच्या लहान लहान चिंध्या एकावर एक ठेवून, टाके घालून केलेले आहेत. एक तर मुळात अखंड विणलेला आहे, पण चिंध्या जोडल्यासारखा दिसावा म्हणून विणकराने मागावरच रंग बदलत नेले आहेत. सम्राटाच्या भांडारात पहिला मान चिंधीला मिळतो, तर अशा देशात तुकडा म्हणजे नासधूस असा अर्थ लावणे घाईचे होईल.

परतलेला नागपूरकर यांचे उत्तर:

मी नोकरीनिमित्त काही वर्षे जपानमध्ये होतो आणि साकुराचे ते पडदे मी पाहिले आहेत, म्हणून त्यांच्यापुरते लिहितो. ते क्योतोचे व्यापारी आणि संग्राहक नोमुरा शोजिरो यांच्या संग्रहातले आहेत. त्यांचा काळ 1879 ते 1943. 1868 च्या सत्तांतरानंतर सरदार घराण्यांची मिळकत गेली, भांडारे रिकामी होऊ लागली, विहारांनाही वाईट दिवस आले आणि जुनी वस्त्रे बाजारात आली. नोमुरांनी अखंड कोसोदे जमवले आणि वेगळे सांभाळले. तुकडे मात्र सुमारे शंभर दुघडी पडद्यांवर बसवले. दांडीवर टाकलेल्या झग्याचे चित्र पडद्यावर काढण्याची परंपरा जपानमध्ये सतराव्या शतकापासून होती. नोमुरांनी चित्राच्या जागी खरे कापड ठेवले आणि जिथे कापड कमी पडले तिथे झग्याची बाजू दुमडल्यासारखी दाखवून उणीव झाकली.

पडद्यासमोर उभे राहिले की ही युक्ती किती सफाईची आहे ते जाणवते. लांबून अख्खा झगा दिसतो, आणि जवळ गेल्यावर खांद्यावरची फांदी बाहीवर पोहोचते तेव्हा बोटभर सरकलेली असते. मला हे काम आवडते, तरी त्याची किंमत मोजावी लागली आहे हेही मान्य केले पाहिजे. कापडाची मागची बाजू कायमची बंद झाली. भरतकामाच्या गाठी, अस्तराच्या खुणा आणि रंग आरपार किती उतरला आहे, हे सगळे मागूनच वाचता येते. शिवाय नोमुरांनी तुकडे ज्या जागी बसवले, ती त्यांची मूळ जागा असेलच असे नाही. त्यामुळे पडद्याचे छायाचित्र वर्गात दाखवताना तो सतराव्या शतकातला झगा म्हणून दाखवू नये. सतराव्या शतकातल्या कापडाची विसाव्या शतकातली मांडणी म्हणून दाखवावा. अर्थात त्यांनी हे केले नसते तर त्यांतले बरेच कापड बटव्यांत आणि गाद्यांच्या खोळींत गेले असते, असे मला वाटते. आपल्याकडे जुन्या जरीच्या साड्या जर काढून घेण्यासाठी जाळल्या गेल्या, त्यांचा पडदा करणारा कोणी भेटला असता तर मी त्याला नावे ठेवली नसती.

अखंड राहिलेली वस्त्रे पाहायची असतील तर नो नाटकांच्या वेशांकडे वळावे. ती कोणाच्या अंगावरची रोजची वस्त्रे नव्हती. सरदारांच्या भांडारात ठेवलेली आणि प्रयोगापुरती बाहेर निघणारी ही वस्त्रे असल्यामुळे ती आकार न बदलता टिकली. नागोयाचे तोकुगावा संग्रहालय त्यासाठी प्रसिद्ध आहे. बोस्टनच्या संग्रहालयाला विल्यम स्टर्जिस बिगेलो यांनी 1911 मध्ये दिलेल्या मोठ्या देणगीतही असे वेश आहेत.

आणि नुसत्या तुकड्याची ताकद सांगायची तर इचिकु कुबोता यांचे उदाहरण घ्यावे. 1917 साली जन्मलेल्या या रंगकाराने विसाव्या वर्षी टोकियोच्या संग्रहालयात त्सुजिगाहाना पद्धतीच्या कापडाचा एक तुकडा पाहिला. टाके घालून घट्ट आवळलेली बांधणी, तिच्यावर शाईची बारीक चित्रे, क्वचित सोन्याचा वर्ख, असे हे काम सोळाव्या शतकात भरात होते आणि सतराव्याच्या पूर्वार्धात मावळले. त्यानंतर युद्ध झाले, सायबेरियात कैद झाली, आणि मग वर्षानुवर्षांच्या प्रयोगांनंतर 1977 मध्ये, साठीत आल्यावर, कुबोतांनी पहिले प्रदर्शन भरवले. जुने पातळ, ताठ रेशीम मिळत नव्हते म्हणून त्यांनी आधुनिक सुरकुतीचे रेशीम आणि कृत्रिम रंग वापरले, आणि आपल्या पद्धतीला स्वतःचे नाव जोडले. जुन्याची नक्कल केल्याचा दावा त्यांनी केला नाही, हे मला विशेष वाटते.

वस्त्रशाळा:

सर्वांचे मनापासून आभार. नोमुरांबद्दलचे मत मला बरेचसे पटते, फक्त मागची बाजू बंद होणे हे मी आपल्यापेक्षा थोडे अधिक गंभीर मानते, कारण वर्गात आम्ही कापड आधी उलटेच पाहतो. रंगांबद्दल कोणी सांगू शकेल का?

रंगरेज (वर्धा) यांचे उत्तर:

वनस्पतिजन्य रंगांचे काम करत असल्याने हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातलाच आहे. लाल रंग कशाचा होता ते पाहिले की तो का उडाला ते कळते. जपानचा तो प्रसिद्ध लाल रंग करडईच्या फुलांचा. आपण विदर्भ-मराठवाड्यात जिचे तेल काढतो आणि कोवळ्या पानांची भाजी करतो, तीच ही करडई. तिकडे मात्र आजच्या यामागाता प्रांतातली मोगामी नदीच्या खोऱ्यातली फुले क्योतोच्या रंगाऱ्यांकडे जात. या फुलात दोन रंग असतात. पिवळा पाण्यात सहज सुटतो, तो आधी धुऊन टाकतात. तांबडा पाण्यात सुटत नाही, त्याला राखेचे क्षारयुक्त पाणी लागते, आणि त्या पाण्यात आंबट द्रव घातला की तो रेशमावर बसतो. आंबटपणासाठी जपानी रंगारी धुरावलेल्या उमे या आंबट जपानी फळाचा अर्क वापरत. गडद लाल हवा असेल तर हे पुन्हा पुन्हा करावे लागे, म्हणून तो रंग महाग. कधी खाली हळदीचा हात देऊन वर करडई चढवत, म्हणजे लाल अधिक तेजस्वी दिसे आणि फुलेही कमी लागत.

करडईचा हा तांबडा उजेडात फार लवकर मरतो. निळीचे तसे नाही; ती धाग्यात घट्ट बसते आणि उजेडाला बराच काळ तोंड देते. त्यामुळे एकाच झग्यावर निळा ताजा आणि लाल फिका दिसणे अगदी स्वाभाविक आहे. खाली हळद असेल तर लाल गेल्यावर काही काळ पिवळट झाक उरते, मग तीही जाते, कारण हळद त्याहून कच्ची. संग्रहालयांत अशी वस्त्रे 50 लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात आणि थोड्या आठवड्यांपुरतीच ठेवतात ती याच कारणाने. मूळ रंग पाहायचा असेल तर शिवणीच्या आत दुमडलेला भाग दाखवणारे छायाचित्र शोधावे. तिथे उजेड पोहोचलेला नसतो.

नो नाटकात या रंगाला आणखी अर्थ आहे. कारा-ओरी नावाचा जड विणीचा वेश स्त्री-पात्रांसाठी असतो, आणि त्यात लाल असेल तर पात्र तरुण, नसेल तर प्रौढ असा संकेत आहे. लाल उडाला की प्रेक्षकाला पात्राचे वयच चुकीचे कळेल. म्हणून अशा वेशाबद्दल लिहिताना आज दिसणाऱ्या रंगावर विसंबू नये.

काळ्याची गोष्ट वेगळी आहे, तो धाग्यालाच खातो. टॅनिन असलेल्या सालीचा किंवा फळाचा अर्क आणि लोखंड यांच्या संयोगाने हा काळा होतो. त्यातले लोखंड काळाच्या ओघात रेशीम ठिसूळ करते, आणि भरतकामातला काळा धागा चूर होऊन गळून पडतो. मोठ्या केलेल्या छायाचित्रात त्या जागी सुईची भोके आणि खाली भरतकामासाठी काढलेली शाईची रेघ दिसते. ती शाई काजळीची, म्हणजे शुद्ध कार्बनची असल्याने ना उडते, ना कापड खाते. चित्रकार ओगाता कोरिन यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी एदोतल्या, म्हणजे आजच्या टोकियोतल्या, फुयुकी नावाच्या लाकूड-व्यापाऱ्याच्या पत्नीसाठी पांढऱ्या रेशमावर शाईने आणि फिक्या रंगांनी रंगवलेला शरद ऋतूतल्या फुलांचा कोसोदे टोकियोच्या संग्रहालयात आहे. त्याची चित्रे अजून वाचता येतात, त्यात या काजळीचा वाटा आहे.

लोखंडाचा हाच रोग आपल्या देशाच्या कापडालाही लागलेला दिसतो. कोरोमंडल किनाऱ्यावर रंगवलेले सुती छापील आणि कलमकारी कापड डच व्यापाऱ्यांमार्फत नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर उतरत असे. जपानी लोक त्याला सारासा म्हणत, आतल्या झग्यांना आणि तंबाखूच्या बटव्यांना वापरत, आणि चहाच्या समारंभातली भांडी त्याच्या पिशव्यांत ठेवत. हिकोनेच्या इइ घराण्याने जमवलेले अशा कापडांचे 450 नमुने आज टोकियोच्या संग्रहालयात आहेत. आपल्याकडे कापडाला हिरड्याचे पाणी देऊन, गूळ घालून आंबवलेल्या लोखंडाच्या पाण्याने काळी रेघ काढतात. अशा जुन्या कापडात लाल फुले शाबूत आणि त्यांभोवतीची काळी रेघ मात्र कुरतडल्यासारखी दिसते. इथला लाल टिकला, कारण तो तुरटीवर बसवलेला मुळांचा लाल आहे, करडईचा नव्हे.

महाल यांचे उत्तर:

वरच्या चर्चेत एका वस्त्राची भर घालावीशी वाटते. क्योतोच्या कोदाइजी मंदिरात तोयोतोमी हिदेयोशी यांचा, चिलखतावर घालायचा बिनबाह्यांचा अंगरखा आहे. तो इराणमधल्या सफावी काळातल्या रेशमी गालिच्यातून कापलेला असून त्यावर शिकारीची आणि झुंजणारी जनावरे आहेत. जमिनीवर अंथरायचे वस्त्र सर्वसत्ताधीशाने कापून अंगावर घेतले, यावरून परदेशी विणकामाचे तिथे केवढे अप्रूप होते ते दिसते.

वस्त्रशाळा:

आता एकच शंका. मेजावरच्या आच्छादनाचे छायाचित्र देऊन त्यावरून मूळ कोसोदे कागदावर जुळवण्याचा सराव विद्यार्थिनींकडून करून घेता येईल का? उमरेडच्या दादांनी पद्धत सांगितली तर बरे होईल.

उमरेडचा माग:

जरूर करता येईल, ताई. ज्या आच्छादनाची मापे संग्रहालयाने दिली आहेत असेच निवडावे आणि छायाचित्र ठरावीक प्रमाणात छापून घ्यावे. प्रथम मुलींना नक्षीकडे दुर्लक्ष करून फक्त जोड शोधायला सांगावे आणि प्रत्येक पट्टा जोडावर कापून वेगळा करावा. मग पट्ट्याच्या दोन्ही कडा पाहाव्यात. दोन्हीकडे किनार असेल तर तो पूर्ण पन्ह्याचा, म्हणजे अंगाचा किंवा बाहीचा. त्यानंतर जुन्या शिवणीच्या सुईची भोके ओळीने कुठे दिसतात ते पेन्सिलीने आखावे. खांद्याशी कापड पाठीवरून पुढे अखंड येते, तिथे शिवण नसते, म्हणून नक्षीची दिशा जिथे उलटते तिथे खांदा धरावा. हे झाल्यावरच नक्षी जुळवायला घ्यावी. सतराव्या शतकाच्या तिसऱ्या चरणातला झगा असेल तर नक्षी बहुधा पाठीवर एका खांद्यापासून मोठ्या वळणाने खाली उतरते आणि दुसरी बाजू जवळपास रिकामी असते, त्यामुळे साधे, नक्षी नसलेले पट्टे निरुपयोगी समजून बाजूला टाकू देऊ नयेत. आणि ज्या पट्ट्याच्या एकाच कडेला किनार आहे आणि दुसरी कड कापलेली आहे, तो बहुतेक अर्ध्या पन्ह्याचा असतो. त्याला अंगात बसवण्याचा प्रयत्न न करता पुढची पाख किंवा गळपट्टी म्हणून लावून पाहावे.